बाहेरून बसलेली कडी

ता. ११, मंगळवार

लाडक्या चिमणीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तीनदा वाचलं, शेजारच्या शिंपीणबाईंनाही वाचून दाखवलं. सुतारकामाच्या वर्गात आमची चिमणी एकटीच मुलगी, हे ऐकून त्यांचं मशीनच थांबलं. मी आपली फुगून कुप्पा. माझी शाळा तिसरीपर्यंतची, अक्षर कोंबडीचे पाय, तेवढं सांभाळून घे. इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण वयाप्रमाणे चालायचंच.

लाकडी खिडकीचे भाग आणि प्रकार आजोबांना विचारून कळव म्हणालीस, तर घे लिहून. भिंतीत पक्की बसते ती चौकट. तिच्यात उघडमीट करते ती झडप. झडपेत काच बसवली की ते तावदान. झडपेला चौकटीशी धरून ठेवते बिजागरी, आणि बंद ठेवते कडी. चोर अडवतात ते गज. चौकटीच्या कडेला खाच पाडतात, तिच्यात झडप टेकते, नाहीतर वारा घरचा पाहुणा. खालचं आडवं लाकूड बाहेरच्या अंगाला जरा उतरतं ठेवायचं, म्हणजे पाणी ओघळून जातं. ते विसरलं की लाकूड कुजतं आणि लोक सुताराच्या नावाने बोटं मोडतात.

प्रकार म्हणशील तर एका झडपेची, दोन झडपांची, बाजूला सरकणारी, आणि तिरप्या पट्ट्यांची, जिच्यातून वारा येतो पण आतलं शेजारणीला दिसत नाही. माझ्या माहेरी दोन झडपांची होती. ती बसवायला तुझे आजोबा आले. एका दिवसाचं काम, आठ दिवस लावले. माझे वडील म्हणाले, "सुतार नवखा दिसतो." आई म्हणाली, "नवखा कसला, लबाड आहे." पुढचं तुला ठाऊकच आहे.

सुट्टीत येऊन आजोबांच्या हाताखाली अख्खी खिडकी करणार, असं लिहिलंयस. वाचून हरखले, आणि मग तुझं पत्र दोन दिवस उशीखाली ठेवून दिलं.

चिमणे, वरची नावं त्यांनी सांगितलेली नाहीत. मीच लिहिली. इतकी वर्षं त्यांच्या झडपांना पॉलिश पेपर घासला, तेल पाजलं, कानावर पडून पाठ झाली. त्यांना विचारलं होतं गं. झडपेवर हात ठेवून म्हणाले, "हे, हे आपलं, उघडतं ते." आणि माझ्याकडे बघून हसले, फळ्यापाशी अडलेल्या पोरासारखे.

चार महिन्यांमागे त्यांनी शिंपीणबाईंना खिडकी करून दिली. देखणी झाली होती. दुसऱ्या दिवशी बाई हळूच म्हणाल्या, "आजी, कडी बाहेरून बसलीय. आतून खिडकी लागतच नाही." मी तुझ्या आजोबांना नेऊन दाखवली. रस्त्यात उभं राहून ते कितीतरी वेळ ती कडी लावत आणि काढत राहिले. मग म्हणाले, "कोणी केलंय हे?" मी म्हटलं, "असेल कोणी नवखा."

पुढच्याच आठवड्यात करवतीने बोट कापून घेतलं. तेव्हापासून करवत, रंधा, सगळं मी पिठाच्या डब्यामागे दडवलंय. रोज शोधतात. मी रोज सांगते, धार लावायला दिलंय. डॉक्टर म्हणाले, हे असंच वाढत जाणार. तुझ्या बाबाला ठाऊक आहे. परीक्षेआधी तुला सांगू नकोस, असं मीच त्याला बजावलं होतं. चूक झाली असेल माझी.

तर सुट्टीची वाट बघू नकोस. या रविवारीच ये. शिकायचं मनात धरू नकोस. नुसती जवळ बस, झडपेवर हात ठेवून तू नावं म्हण, ते ऐकतील. परवा दोनदा तुझी आठवण काढली. आज विचारत होते, "चिमणी म्हणजे कोणाची?" उद्याचं मला सांगता येत नाही, बाळा.

आत्ता त्यांना म्हटलं, पत्रावर सही करा. पेन घेतलंच नाही. कागद डोळ्यासमोर आडवा धरला, एक डोळा मिटला, कडेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "सरळ आहे."

त्यांचा आशीर्वाद म्हणून तेवढंच पाठवते.

वाट बघणारी,
तुझी आजी,
आणि अजून आहेत तेवढे तुझे आजोबा