पाकट टोपलीत कोण ठेवणार?

देवबाग, मंगळवार

ती. दत्ताराम भावोजींना,

वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तेवढा). तुमची शुगर आवरली का? शेवंतीचा खोकला कसा आहे? तिला संध्याकाळनंतर ताक देऊ नका, भाऊ म्हणून माझा जीव लागून राहतो. मथुरा बरी आहे. माझ्या उजव्या कानात मात्र समुद्र वाजतो. पण समुद्र घरासमोरच असल्याने डॉक्टरांचा विश्वास बसत नाही.

तर भावोजी, आमच्या नातीने, आकांक्षाने, कॉम्प्युटरला समुद्रातले जीव ओळखायला शिकवले आहे! पर्यटकांची मुले किनाऱ्यावर दिसेल ते उचलतात, म्हणून मोबाइलने फोटो काढला की ‘धोकादायक’ की ‘निरुपद्रवी’ ते कळणार. आपण नुसते फोटो द्यायचे आणि प्रत्येकाखाली बरे की वाईट लिहायचे. मग तो कॉम्प्युटर स्वतःच दहा रीतींनी अभ्यास करून पाहतो आणि जमेल ती रीत ठेवतो. (आमच्या मास्तरांकडे एकच रीत होती, छडीची, म्हणून मी सातवीत थांबलो.) फोटोंचे काम मी मागून घेतले. बाबलीच्या रापणीचे जाळे किनाऱ्याला ओढले की मी हजर. आठ दिवसांत चारशे फोटो काढले, अर्थात लांबून. त्यातल्याच काही फोटोंवर कॉम्प्युटरची परीक्षा घेतली, शंभरात सत्त्याण्णव! मी वाडीभर सांगत फिरलो.

रविवारी सगळ्यांसमोर बाबलीने जिवंत पाकट, शेपटीच्या विषारी काट्यासकट, टोपलीत घालून आणले. कॉम्प्युटर म्हणाला, निरुपद्रवी. मी धसक्याने वाळूवर बसलो, तेवढ्यात कुणीतरी माझाच फोटो काढला. धोकादायक, चौऱ्याण्णव टक्के. मथुरा म्हणाली, “चाळीस वर्सां माका म्हायत आसा, ह्येका आता कळला.”

झाले असे, की रापणीत खायचा मासा टोपलीत जातो आणि काट्याचा, विषाचा वाळूवर भिरकावतात. कॉम्प्युटरने मासा पाहिलाच नाही. टोपली म्हणजे बरे, वाळू म्हणजे वाईट, एवढेच पाठ केले. चूक माझ्या फोटोंची, आणि शनिवारी ओरोसच्या विज्ञान प्रदर्शनात सगळ्यांपुढे दाखवायचे आहे. आकांक्षा बक्षिसाचे बोललीच नाही. एवढेच म्हणाली, “आजोबा, ह्येच्यार इस्वास ठेवन एखाद्या पोरान हात घातल्यान तर?” तेव्हापासून मला चहा गोड लागत नाही.

आता उलटे फोटो हवेत: बांगडे वाळूवर, पाकट टोपलीत. बाबलीने विचारले, “वाळयेत लोळयलेलो बांगडो तू खातलंस?” मी हो म्हटले, कालपासून आमची आमटी दाताखाली करकरते आहे. पाकटाचे अजून राहिले. रापणकर आधी काटा मोडतात, आणि मोडलेला फोटोला चालत नाही. अख्खे पाकट पुन्हा टोपलीत ठेवायला बाबलीसुद्धा तयार नाही. मी आकांक्षाला म्हटले, तू काळजी करू नकोस, मी आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, काजूच्या रोपांना वेळेवर पाणी.

तुमचा मेव्हणा,
शंकर

ता. क. – पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देतो आहे. तुम्ही तीस वर्षे ट्रॉलरवर काढलीत, पाकटाला तुमचा हात नवा नाही. गुरुवारच्या पहिल्या गाडीने निघा.

ता. क. दुसरे – तुम्ही आपणहून येताय असे मी आकांक्षाला सांगून टाकले आहे. तिने ओरोसच्या तक्त्यावर आभारांत तुमचे नावही लिहिले. ते आता पुसता येणार नाही.

ता. क. तिसरे – जाड हातमोजे आणा. एकच जोड पुरे. मी फोटो काढणार आहे.