शेतावरच्या बाईचं नाव

१४ नोव्हेंबर ८३
संदीपचं पत्र नाही. मस्कतहून लेकाचं टपाल उशिरा येतं म्हणे. विमानाला बैल जुंपत असतील.
संध्याकाळी फिरायला. वाशीत फिरणं म्हणजे रिकाम्या प्लॉटांची पाहणी. कंटाळून बोनकोड्याच्या अंगाला पार लांब गेले. भातखाचरं पडीक, मधेमधे मुरमाचे ढीग. एका बांधावर उभा दगड दिसला, कमरेला जेमतेम पोचेल एवढा. वर कोरलेला सूर्य, शेजारी चंद्रकोर. त्याखाली झिजलेल्या ओळी, अक्षरं असावीत. मग सरळ जमीन. अंगभर शेंदूर. हात लावणार तोच मागून आवाज, "चपला काड आदी!"
म्हातारी. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. हिरवं लुगडं, डोक्यावर लाकडांची मोळी. मी मुकाट्याने चपला काढल्या. तीस वर्षं शाळेत पोरींना शिवण शिकवताना मी दरडावत आले, आज माझी पाळी. बरं वाटलं खरं तर. चार दिवसांत कुणी माझ्याशी बोललं नव्हतं.

१६ नोव्हें.
पुन्हा गेले. म्हातारी होतीच. नाव चांगुणा. हे खाचर तिचं होतं, आता सरकारजमा. पीक नाही तरी नव्या तांदळाचा भात दगडापुढे ठेवायचा रिवाज चुकवला नाही तिने. यंदा रेशनचा तांदूळ शिजवून आणला होता. दगडाला म्हणाली, "बाय, गोड मानून घे गो. आमच्या हातान काय ऱ्हायलं नाय."
मी विचारलं, कुठली देवी?
"शेतावरची बाय. सासू तसंच म्हनायची."
त्यातला मूठभर भात मला प्रसाद. चव रेशनचीच. सगळा खाल्ला.

२५ नोव्हें.
रोज जाते. घरी तरी काय आहे? हे गेल्यावर गिरगावातली खोली सोडली, संदीपने हा ब्लॉक घेतला आणि स्वतः उडाला. बिल्डिंगमध्ये माणसांपेक्षा कुलपं जास्त.
आज चांगुणाने मनातलं सांगितलं. सुनेला, मालतीला, चौथा महिना. आधीची दोन पोटं सांडली. या खेपेला तिने दगडाला नवस बोलला. पण गावचा भगत म्हणतो, नाव घेतल्याबिगर नवस पोचत नाही. बिननावाचा नवस वाटेत कुणीही उचलतो. माझा हात धरला. "तू शिकलेली हास. बायचं नाव शोदून दे."
मी हो म्हटलं. कशाच्या जोरावर, देव जाणे. पण 'तू पाहिजेस' असं मला कुणी किती दिवसांनी म्हणालं!

३ डिसें.
शाळेतल्या माझ्या मैत्रिणीचे दीर ठाण्याला असतात, इतिहासाचे निवृत्त सर. त्यांच्याकडे गेले. बरोबर ठसा नेला: पतंगाचा कागद दगडावर धरून वरून कोळसा घासला. शिवणाचे नमुने उतरवण्याचा हात अजून शाबूत आहे. सर म्हणाले, चंद्रसूर्य वीरगळावर असतात, सतीच्या दगडावर असतात, दानाच्या दगडावरही. अक्षरं फार झिजली आहेत. खालचा भाग पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.
खालचा भाग जमिनीत.

५ डिसें.
चांगुणाला म्हटलं, थोडं उकरून बघू या.
"बायचं लुगडं फेडशील काय?"
विषय संपला. मग तिने सुक्या बोंबलाची चटणी नि तांदळाची भाकरी काढली. बांधावर बसून दोघींनी खाल्ली. ती तिच्या सासूच्या नकला करत होती. मी इतकी हसले की ठसका लागला, तिने पाठ चोळली.

१२ डिसें.
आज चांगुणा मालतीला घेऊन दवाखान्यात जाणार होती. मी दुपारी गेले. उलथनं घेऊन. होय, चोरासारखी.
हातभर उकरलं. आधी चार पाय दिसले. जनावराचे. गाय असेल म्हणून हात जोडले. मग कान दिसले. गाढव. त्याच्याखाली बाई, आडवी... पुढचं लिहिणार नाही. माझ्या वयाला काय काय बघायचं राहिलं होतं! आजूबाजूला कुणी नाही ना, ते पाहिलं. ठसा घेतला नि माती परत ओढली, पायांनी दाबली. घरी येऊन डोक्यावरून आंघोळ.

१८ डिसें.
ठाणे. सरांनी ठसा पाहिला आणि बायकोला चहा ठेवायला सांगून आत पाठवलं. मग चष्मा पुसत बसले. शेवटी म्हणाले, "बाई, ही शिवी आहे. दगडावर कोरलेली शिवी. याला गधेगाळ म्हणतात."
राजाने जमीन दान दिली की असा दगड रोवायचे. चंद्रसूर्य आहेत तोवर दान टिकेल. जो मोडील त्याच्या आईवर ते खालचं.
म्हणजे जमीन हिसकावणार पुरुष आणि भोगणार त्याची आई. व्यवस्था चोख.
सर खूश होते. आपल्या भागात असे सापडतात, पण अक्षरांसकट कमी. "आम्हाला दाखवायला न्याल ना?"
परतीच्या बसमध्ये मला एकच दिसत होतं: मालतीचं कपाळ त्या दगडाला टेकलेलं.

२ जानेवारी ८४
फिरायला जात नाही. सर्दी आहे असा चांगुणाला निरोप धाडला, स्वतःलाही तेच सांगते.
काय सांगू तिला? की तू आणि तुझ्या सासूने, आजेसासूने ज्या बाईला लेकी-सुनांसाठी साकडं घातलं, ती बाई नाहीच? बाईमाणसाला दिलेली घाणेरडी शिवी आहे? मी जाऊन मोकळी होईन. तिला रात्री झोप लागेल का? आणि उद्या मालतीचं काही कमीजास्त झालं तर? माझं तोंड ती पुन्हा बघणार नाही.
हे शेवटचं कारण सर्वांत मोठं आहे. लिहून टाकलं.

१० जाने.
दार वाजलं. संदीपचं पत्र घेऊन पोस्टमन असेल म्हणून धावले. चांगुणा. पत्ता विचारत विचारत आली, तीन जिने चढून धापा टाकत होती. हातात चिंबोऱ्यांचा डबा. "सर्दीला रस्सा बरा."
घरभर फिरून आली. "येवऱ्या घरान एकलीच? भ्याव नाय वाटत?" मी म्हटलं, वाटतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून आजवर बोलले नव्हते.
बशीत चहा ओतता ओतता तिने विचारलंच. "नाव गावलं?" मालतीला सहावा लागलाय. भगत थांबलाय.
मी खिडकीकडे बघितलं. तोंडातून निघालं, "चंद्राई."
"चंद्राई!" तिने दोन्ही हात कपाळाला लावले. डोळे भरले तिचे. "बग, चांद तर वरच कोरलेला. आमाला एवरं कसं नाय सुचलं?"
गेली. रस्सा फक्कड होता. एका घासापलीकडे गेला नाही.

२२ जाने.
बांधावर ओटी भरली. गावातल्या दहाबारा बायका, भगत, हलगी. जो तो चंद्राईच्या नावाने हाका मारत होता. एका आजीने तर चंद्राई आपल्या स्वप्नात येऊन गेल्याचं सांगितलं, वर्णनासकट! मी मागे उभी. शिवणाच्या बाई देव घडवतात, लोक त्याला दागिने चढवतात.
मालती वाकली. पोट सावरत कपाळ टेकवलं. त्या कपाळापासून हातभर खाली काय पुरलंय, ते तिथे मला एकटीला ठाऊक. ओरडावंसं वाटलं. चांगुणाने मला पुढे ओढलं, माझीही ओटी भरली. विधवेची ओटी कुणी भरत नाही, असं मी म्हणाले. ती म्हणाली, "बायचं नाव आननारी तू. तुजी नाय तर कोनाची?"

६ मार्च
सरांचं कार्ड. पंधरा विद्यार्थ्यांना घेऊन दगड बघायला येतो, तारीख कळवा. उत्तर टाकलं नाही.
मुरमाचे डंपर वाढलेत. दगडाच्या खाचरापर्यंत भर आलेली नाही अजून. सरांना बोलावलं तर दगड वाचेल, संग्रहालयात जाईल. नाही बोलावलं तर मुरमाखाली जाईल. चांगुणाचं म्हणणं, चंद्राई बघून घेईल.

२ एप्रिल
मालतीला नववा. चांगुणा निश्चिंत, गाणी म्हणते. काळजी माझ्या वाट्याला आली आहे. देवावर माझा फारसा विश्वास नाही, तरी हल्ली संध्याकाळी दगडापाशी हात जोडते. कुणाला जोडते ते विचारू नये. गाढवाला म्हणा.

१२ एप्रिल
सरांचं दुसरं कार्ड. उत्तर न आल्याने त्यांनीच ठरवलं: रविवार २९, सकाळी दहाच्या बसने बोनकोडे. "आपण न्यायला आलात तर उत्तम. न आल्यास गावात विचारून घेऊ."
विचारून घेऊ! पंधरा पोरं गावभर फिरून विचारणार, गाढवाचा दगड कुठे आहे?

१८ एप्रिल
मुलगी. पहाटे झाली. मालती सुखरूप. बाळ एवढंसं, काळंभोर जावळ. चांगुणाने माझ्या मांडीवर ठेवलं. माझं बोट धरलं पोरीने, सोडेना. मी रडले, कोण काय म्हणेल ते म्हणो. पाच महिने पोटात धरलेली भीती एकदम सुटली.
मग वाटलं, बरं झालं खोटं बोलले. मग वाटलं, नाही.

२३ एप्रिल
सरांना लिहायला बसले. येऊ नका असं. कारण काय देऊ? तब्येत लिहिली तर ते गावात विचारून घेणार. खरं लिहिलं तर ते म्हणतील, बाई, इतिहास असा दडपता येत नाही. बरोबरच म्हणतील. तीन कागद फाडले.
शेवटी संदीपलाच लिहिलं. यातलं काहीच नाही. ऊन फार आहे, एवढंच.

२८ एप्रिल
चांगुणा आली, आमंत्रण घेऊन. उद्या बारसं. सकाळी, दहाच्या सुमारास. भगताने वेळ काढून दिली.
मी म्हटलं, येईन की.
"नुस्ती येऊन चालायची नाय. माज्या पोराला भन नाय. आत्या कोन? नाव कानान कोन सांगल?" आणि माझ्याकडे बघत राहिली.
मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचा हात धरला. ती म्हणाली, "नाव काय ठेवाचं ते तुला सांगाया नको. बायचंच."
चंद्रा.
कपाटातून मोरपंखी साडी काढली. किती वर्षांत घडी मोडली नव्हती, इस्त्री केली. बाळाचं झबलं कालच शिवून झालंय, बंद तेवढे लावायचे राहिलेत. दहाला बारसं. दहालाच सरांची बस. बसस्टॉपवर गेले तर पाळण्याशी आत्या नाही. पाळण्याशी गेले, तर मी कानात कुर्र करून ते नाव सांगत असेन तेव्हा बाहेर ओटीवर कुणीतरी शिकलेलं पोर विचारत उभं असेल.
आज चांगुणाला खरं सांगायची शेवटची संधी होती. ती दारात चपला घालत होती. मी हाक मारली. ती वळली, म्हणाली, "काय गो?"
मी म्हटलं, सावकाश उतर, जिन्यात दिवा नाही.