मुठीचे तांदूळ

आई, गेल्या रविवारी चर्चच्या मंडळीच्या सभेत मुठीचे तांदूळ बंद करायचं ठरलं, आणि ते मी सुचवलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुला आधी सांगायला हवं होतं असं राहून राहून वाटतं.

अजून डोळ्यांसमोर येतं: टोकरखाड्याच्या त्या दोन खोल्यांत तू भात टाकण्याआधी एक मूठ तांदूळ काढून वेगळ्या डब्यात टाकतेस. दोन्ही वेळेला, अंगात ताप असला तरी. शनिवारी मंडळीतली एक बाई घरोघर फिरून ते गोळा करते आणि राखोलीला कारखान्यात नव्याने लागलेल्या, पहिला पगार अजून हातात न पडलेल्या पोरांच्या खोल्यांवर पोचवते. मी तेव्हा बी.कॉम. होऊन कंपनीच्या हिशेब खात्यात लागले होते. तुला म्हणाले, आता पगार आहे, महिन्याला चर्चमध्ये दानाचं पाकीट टाकू, हे डबे कशाला? तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "पाकीट टाकलंस की तुला वाटेल, उरलेलं माझं. उरलेलंही देवाचंच. आपण नुसते कारभारी. हे रोज हाताला कळायला पाहिजे." मी चिडून विचारलं, ती पोरं आपल्या चर्चमध्ये तरी येतात का? "भूक लागायला बाप्तिस्मा लागतो का गं?" म्हणालीस, आणि निवडलेले खडे माझ्या तळहातावर ठेवलेस. "जा, टाकून ये."

धुळ्याकडचा एक पोरगा पगार झाल्यावर पिशवी घेऊन दारात आला होता. "मावशी, तुमचे तांदूळ." तू म्हणालीस, "माझे कुठले? खोलीत नवा कोणी आला की त्याला घाल."

आता चर्चच्या दाराशी मोटारी लावायला जागा पुरत नाही. मध्यंतरी एक पाहुणे उपदेशक सांगून गेले की देवाला द्याल त्याच्या दुप्पट मिळेल. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही. सगळा जन्म हिशेबात काढला, देणं आणि गुंतवणूक यांतला फरक मला कळतो.

तांदूळ न्यायला अलीकडे मंडळीतल्या एका घरची, नंदुरबारची तरुण सून यायची. गलोंड्याला कंपनीत पॅकिंगला आहे, शनिवार ही तिची एकुलती सुट्टी. मूठ काढणारी घरं थोडी उरलीत आणि तीही लांब लांब. स्कूटरवर पायाशी गोणी ठेवून ती फिरायची. माझ्याकडे बसून चहा घ्यायची, सासूच्या नकला करायची. "आंटी, तुमच्याकडे आलं की गोणीला जरा वजन येतं बघा." एका शनिवारी मी कप घेऊन बाहेर आले तर ती खुर्चीतच झोपली होती. जागी झाली आणि ओशाळली. "पोरगी विचारते, मम्मीला छुट्टी आहे तर मम्मी घरी का नाही. तुम्ही बोला ना सभेत. मी बोलले तर म्हणतील, देवाच्या कामाचा कंटाळा आला हिला."

आठवडाभर मी तुझ्याशी मनात भांडले. मग वाटलं, तांदूळ देवाचे, तर त्या सुनेचा शनिवारही त्याचाच. तो उधळायचा हक्क मला कोणी दिला? सभेत उभी राहिले आणि सांगितलं, राखोलीच्या दुकानदाराला मंडळीने परस्पर पैसे द्यावेत, पोरांना तो तांदूळ देईल. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. बाहेर पडताना तिने माझा हात दाबला.

आज शनिवार. दुपारभर बेल वाजली नाही; वाजायचं काही कारणही नव्हतं. हे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहून टाकते. रात्री मी भात करत नाही, दूध-बिस्किटावर भागतं. तरीही डब्यात दोन्ही वेळेला मूठ पडायची, कधी दोन. डबा हलका असता तर ती चहाला न बसता दारातूनच परत गेली असती.