भूतमावशीची दोरी

सोमवार, ३ तारीख
नोकरी लागली, आणि तीही सिनेमाची! थिएटरच्या वरच्या खोलीत बसून एक जुना भयपट संगणकावर साफ करायचा. पुठ्ठ्याच्या विहिरीतून भूत उडत वर येतं, आणि त्याच्या कमरेची दोरी शेवटच्या रांगेतूनही दिसते. तरी चाळीस वर्षं दर रविवारी दुपारचा खेळ भरतो. दोरी दिसली की शिट्ट्या. हसून हसून माझं पोट दुखलं. मालकांनी बजावलंय, ओरखडे काढ, बाकी कशाला हात लावू नकोस.

रविवार, ९
सिनेमात भूत झालेली बाई अजून येते, पहिल्या रांगेत बसते. सगळे तिला भूतमावशी म्हणतात. मी विचारलं, एवढ्या भंगार सिनेमात लोक बघतात तरी काय? म्हणाली, अगं, आमची धडपड दिसते ना त्यात. वरून दोघांनी दोरी धरलेली, हात सोलवटले तरी सोडली नाही. जाताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला. फार मायाळू बाई.

शुक्रवार, १४
मालकांना न विचारता दोरी पुसून टाकली. फिल्मच्या नऊशे चौकटी, एकेक करून. मावशी आता खरंच उडते. परवा सगळे चाट पडतील.

रविवार, १६
माझी प्रत दाखवली. एकही शिट्टी नाही. भूत काठाशी आलं आणि वीतभर खाली घसरलं. असं काही चित्रपटात नाही. मावशीने खुर्ची घट्ट धरलेली. म्हणाली, पायाखाली जमीन लागत नाहीये. मालकांनी दोरीचं विचारलं. मी म्हटलं, जुनी फिल्म आहे, झिजली असेल. धडधडीत खोटं.

मंगळवार, १८
मावशी अंथरुणाला खिळलीय. भेटायला गेले. तिची लेक सांगत होती, पलंगावर पडल्या पडल्या ओरडते, धरा मला, पडतेय. मला मात्र मावशी गुणाची पोर म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी दोरीचं खरं सांगितलं नाही.
संगणकावर भूत निम्म्या विहिरीत.

बुधवार, १९
मूळ रीळ काढून पाहिलं. त्यातही दोरी नाही. माझाच आगाऊपणा — माझाच —

गुरुवार, २०
दोरी पुन्हा रेखाटतेय, चौकटीमागून चौकट. हाताने. रेघ उमटली की भूत थांबतं. लेकीचा फोन आला, आई जरा शांत झालीय. भेटायला आल्याबद्दल आभार मानत होती. माझे —
दोनशे चौकटी झाल्या. आधीच्या पुसट होतायत —

शुक्रवार
हे लिहायला हात काढला तेवढ्यात ती खाली — तळ दिसतोय — पण सांगायला हवं. लेकीला कुणीतरी सांगा, दोरी झिजली नव्हती, ती मी