खडीच्या घमेल्याखाली गेलेली चुंबळ

माझी चुंबळ तू खडीच्या घमेल्याखाली काहून घातली? आधी हे सांग, मग तुला याडी म्हणीन. आपल्या तांड्यात आईला याडी म्हणायची रीत हाय, मला ठाऊक हाय. पण तू कोणती रीत पाळली? पोरगी सासरी गेली की पाण्याच्या पहिल्या खेपेला घागरीखाली आपल्या हातानं शिवलेली चुंबळ घेती, कवड्यांची, आरशांची. सासरच्या बाया घागर बघत न्हाईत, चुंबळ बघतात. माझी मी शेरडं राखता राखता शिवली होती. बाभळीखाली बसून एकेक आरसा टाचला होता. त्या साली पाऊस पडला न्हाई आणि सगळा तांडा वारंगा फाट्याच्या रस्त्यावर खडी वाहायला गेला. सकाळी तू माझी पेटी उघडली, चुंबळ काढली, डोक्यावर ठेवली आणि चालायला लागली. मी मागं पळाले. "याडी, ती माझ्या लग्नाची हाय!" तू वळून पण बघितलं न्हाई. "लग्नापर्यंत जगायचं हाय का न्हाई? आरसे शिजवून खाती का?" बाया हसल्या. कामावर मुकादम बोलला, "आज नवरी आली गं खडी वाहायला!" त्याला पण तू हसून दाखवलं. मी शेजारी उभी. घमेलं डोक्यावर चढलं आणि आरसा फुटल्याचा आवाज आला. तो आवाज मी म्हातारी झाले तरी कानातून जात न्हाई.

मग सासरी मी कशी गेले असंल? चिंध्या गुंडाळून. पहिल्याच खेपेला सासू विहिरीवर सगळ्यांसमोर बोलली, "काहून गं, तुझ्या तांड्यात सुया भेटत न्हाईत?" मी म्हटलं, "सुया लई हायेत. याडी तेवढी धड भेटली न्हाई." त्या दिवशी उपाशी ठेवलं मला. पण बोलले ते बराबर बोलले, अजून म्हणीन.

तुला वाटलं असंल पोरीचं खूळ मोडलं. न्हाई मोडलं. कापूस वेचायला जाताना सुई ओढणीत खोचून न्यायची मी. भाकर खाऊन बाया आडव्या व्हायच्या, मी टाके घालत बसायची. मालकीण म्हणायची, "ही बाई वेचायला येती का शिवायला?" तिचं काही चुकत नव्हतं. माझी वेचणी दुसऱ्या बायांपेक्षा कमी भरायची, आणि टाका पण घाईचा, वाकडा. शेतात माझा जीव शिवणात, घरी शिवायला बसले की चुलीत. नवरा बोलायचा, तू कुठंच नसती. खरं होतं त्याचं. पोट भरायचं आणि आवड पण राखायची, असं आता सगळे तोंड वर करून सांगतात. कशी राखायची ते कुणाला पुसलं की खोकला येतो. मी चोरून राखली. आपल्याच घरात चोरी करून राहिले जन्मभर. त्याचं पाप तुझ्या डोक्यावर, याडी. घे, म्हटलं याडी.

मेल्यावर तुला काहून उकरून राहिले, ते ऐक. माझी नात, थोरल्या लेकाची पोरगी, वसमतला दवाखान्यात नर्स हाय, तिथंच राहती, सुट्टीला घरी येती. तिच्या पगारावर घर चालतं, कारण तिच्या बापाची कंबर गेली. शिवण तिला मीच शिकवलं. आता तिचं काम लोक मोबाईलवर बघतात, शहरातल्या बाया मागवतात. ड्युटी करून आली की शिवायला बसती, डोळे लाल होतात, परवा पेशंटच्या हाताला सुई लावताना दोनदा शीर चुकली. घरी आली आणि माझ्यासमोर बसली. "दादी, दोन्ही होत न्हाई माझ्यानं. नोकरी सोडू का? तू सांगशील तसं करते." बापाला न्हाई पुसलं, मला पुसलं. मी तोंड उघडलं, आणि सांगू काय निघालं? "आरसे शिजवून खाती का?" तुझेच शब्द, तुझाच ठसका. पोरीनं हातातला घास ताटात टाकला. मग म्हणाली, "तू पण?" आणि ताट सरकवून उठली. लेक आतून बोलला, "बराबर बोलली माय." मला त्याच्या तोंडावर उलथनं फेकून मारावं वाटलं.

तुझ्या शेवटच्या आजारात मी तुझं डोकं धुवायला आले होते, आठवतं? टाळूवर तळहाताएवढी जागा बोडकी, कातड्याला घट्टा पडलेला. मी विचारलं तर म्हणाली, "खडीचं हाय. तुझी चुंबळ होती तेव्हा लागत नव्हतं. ती झिजली, मग लागलं." एवढंच बोलली आणि भिंतीकडं तोंड केलं. मला दया यावी म्हणून बोलली व्हय? आली न्हाई. "चांगली शिवली होती" एवढं म्हणायला काय जात होतं तुझं? म्हणाली असती तर आज नातीला काय सांगायचं ते तरी मला कळलं असतं.

हे पत्र कुठं जाणार न्हाई. नातीसाठी नवी चुंबळ शिवून राहिले, तिच्यात चिंध्या कमी पडतात, त्यात हे कोंबून टाका घालीन. आणि एक सांगते. ती जुनी चुंबळ उंदरांनी खाल्ली असं मी सगळ्यांना सांगितलंय. खाल्ली न्हाई. तू गेल्यावर मीच उचलून आणली, माझ्या पेटीच्या तळाशी हाय. आरसा एक उरला न्हाई, कवड्या गेल्या, पण अजून गोल हाय. कधीमधी डोक्यावर ठेवून बघते. लागत न्हाई.

रविवारी पोरगी येईल, दारातच पुन्हा जबाब मागंल, नोकरी सोडू का म्हणून. मी ओठ शिवून बसणार हाय, कारण उघडले की तूच बोलती. घमेलं तू चढवलं होतं, तूच उतरव. तिला जबाब तू द्यायचा.