नागोजीचा दुसरा गाल

मी, शांतवन गोपाळ सातपुते, वय एकसष्ट, धर्माने ख्रिस्ती, धंद्याने सुतार, राहणार कमरीपेठ, हुबळी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाचा दाब नसताना लिहितो. यापूर्वीची तीन रद्द समजावीत. बुद्धी ठिकाणावर आहे. मन स्थिर आहे असेही लिहायचे असते, असे प्रभंजन वकील सांगतात. पण मन स्थिर असते तर चौथा कागद कशाला लागला असता? नाव शांतवन, डोके तापलेला तवा, असे माझी आईच म्हणायची. पुढच्या आठवड्यात हृदयाचे ऑपरेशन आहे. त्याआधी हे काम हातावेगळे व्हायला हवे.

कलम १. राहते घर आणि पोस्टात जे काही असेल ते पत्नी वेणूबाईचे. मुलगी सुनिता हिने आईला बेळगावच्या फ्लॅटमध्ये नेऊन कोंडू नये. वेणूबाईला अंगण लागते.

कलम २. माझ्या वडिलांचा, आप्पांचा, रंधा, करवती, वाकस आणि पटाशा सुनिताला. तिच्या नवऱ्याच्या हाती देऊ नयेत. माणूस चांगला आहे, पण मागच्या नाताळात त्याने माझ्या पटाशीने रंगाचा डबा उघडला. मी काही बोललो नाही. मी राग गिळल्याचा हा एकमेव दाखला असल्यामुळे येथे नोंदवून ठेवतो.

कलम ३. आमच्या दुकानाची रीत अशी की चर्चच्या मंडळीत कोणीही वारले तरी शवपेटी आमच्याकडून, मजुरी नाही, लाकूडही आमचेच. येशू सुताराच्या घरात वाढला, तेव्हा सुताराने एवढे तरी करावे, असे आप्पा म्हणत. माझी पेटी मी करून माळ्यावर ठेवली आहे. सध्या तीत कांदे आहेत, ते काढून घ्यावेत. दफनाच्या वेळी आमच्या जुन्या पाळकांना, म्हणजे पाद्रीसाहेबांना, बोलायला लावू नये. मी त्यांना क्षमा केली आहे. पुन्हा लिहितो, क्षमा केली आहे. तरीही बोलायला लावू नये.

कलम ४. हे कलम माझा धाकटा भाऊ नागोजी याच्याविषयी आहे आणि यानेच आधीचे तीन कागद खाल्ले.

१९९१ साली आईसाठी मी सागवानाच्या चार फळ्या राखून ठेवल्या होत्या. आई तेव्हा हिंडतीफिरती होती, पण सागवान पाहिजे तेव्हा मिळत नाही. मी धारवाडला गेलो असताना मंडळीतली रुक्मिणी वारली. लोकांची धुणीभांडी करणारी बाई, मागेपुढे कोणी नाही. दुकानात दुसरे लाकूड नव्हते. नागोजीने आईच्या फळ्या काढल्या आणि तिची पेटी केली. मी परतलो तो थेट दफनाला. पेटी पाहताच लाकूड ओळखले. देवळाच्या पायरीवर, साऱ्या मंडळीदेखत, मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याने दुसरा गाल पुढे केला.

मी त्यावरही मारली. पहिल्यापेक्षा जोरात.

नागोजी दुकान सोडून कलघटगीला गेला. चार वर्षांनी आई गेली, आंब्याच्या फळ्यांत. "मला सागवान कशाला रे? वाळवीचे दात पडतील बिचारीचे," असे ती मरेपर्यंत हसून सांगायची. पाळकांनी मात्र तो गाल सोडला नाही. नाव न घेता दरवर्षी त्याच्यावर उपदेश व्हायचा आणि साऱ्या माना माझ्याकडे वळायच्या. त्या गालाच्या पुण्याईवर नागोजी कलघटगीच्या मंडळीत वडील, म्हणजे कारभारी पंच, म्हणून निवडला गेला. मी बारा वर्षे प्रभुभोजन, म्हणजे देवळातली भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला, घेतले नाही. प्याला माझ्या बाकापर्यंत यायच्या आत बाहेर यायचे आणि लोकांच्या चपला ओळीने लावत बसायचे. लोकांना वाटायचे, शांतवन नम्र झाला. मी नम्र नव्हतो. त्याने गाल येशूचे ऐकून पुढे केला की मला उघडा पाडायला, एवढेच मला जाणून घ्यायचे होते, आणि ते डोक्यातून जात नव्हते.

तिसऱ्या कागदात मी लिहिले होते की माझी पेटी बंद करण्यापूर्वी नागोजीला हे वाचून दाखवावे: मला क्षमा कर. वेणूबाईने ते वाचले आणि कागद माझ्या पुढ्यात टाकला.

"मेल्यावर माफी मागताय व्हय? आनि त्यो नको म्हनला तर उठून बसनार हाय काय? येशूनं काय सांगितलंय? देवापुढचं दान तितंच ठेव, आदी भावाकडं जा. पेटीत झोपून जा म्हनलंय काय?"

मी परवा सकाळच्या बसने कलघटगीला गेलो. नागोजी दारात खिडकीची चौकट तासत होता.

"अण्णा? ये की, बस. पाणी घे."

मी बसलो नाही. बसलो असतो तर जमले नसते. उभ्यानेच म्हणालो, "नागू, मी तुला मारलं. दोनदा मारलं. मला क्षमा कर."

त्याने वाकस खाली ठेवला.

"अण्णा, त्यो गाल मी प्रभूसाठी नव्हता केला. समदी बघत होती. तू आनिक एक मारनार, हे मला ठाऊक होतं. मारावंस म्हनूनच केला. आनि मग लोक पाया पडाय लागले, वडील केलं, मी गप बसलो. बारा वर्सं प्याला घेतोय मी. तू घेत न्हाईस हे ठाऊक असून."

मला आधी आनंद झाला. लपवत नाही. बारा वर्षांचा माझा संशय खरा निघाला होता. लगेच हात शिवशिवला, तिसरी द्यावी म्हणून. मग त्याच्या तोंडाकडे पाहिले. ते म्हातारे झाले होते आणि मी ते होताना पाहिले नव्हते. मला रडू आले. त्याच्या मनात काहीही असो, हात माझाच होता.

"रोट्टी खाऊन जा," तो म्हणाला. क्षमा केली असे काही म्हणाला नाही. मी जेवलो.

कलम ५. दुकान आप्पांनी थोरला म्हणून माझ्या एकट्याच्या नावे केले, ते चूक होते. अर्धे नागोजीचे, अर्धे वेणूबाईचे.

पुढचे देशपांडे नगरात वकिलांच्या कचेरीत बसून हाताने लिहितो. मी सांगितले म्हणून नागोजी आज आला आहे. त्याने सारा कागद वाचला. साक्षीला शेजारचा मंजुनाथ आहे. दुसरी सही कारकुनाची व्हायची होती. नागोजीने पेन मागितले. वकील म्हणाले, "थांबा. ज्याला मिळायचं आहे त्याने साक्ष घातली तर त्याचं मिळणं बाद होतं. तुमचं अर्धं दुकान जाईल, सगळं वहिनींना."

"जाऊ दे," नागोजी म्हणाला. "हे अण्णानं एकट्यानं लिहिलं तर लोक म्हनतील, मेला तरी भावाची बदनामी करून गेला. माझी सही पायजे."

मी म्हणालो, वेडेपणा करू नको, कारकून करेल सही. तो ऐकत नाही. कोणाचा भाऊ आहे, काय ऐकणार? मी सही करतो.

शांतवन गोपाळ सातपुते
हुबळी, ९ ऑक्टोबर २००३

साक्षीदार:

१. मंजुनाथ, कमरीपेठ, हुबळी. सही.

२. नागोजी गोपाळ सातपुते, कलघटगी. सही. कलम चारमध्ये माझ्याविषयी लिहिले आहे ते खरे आहे. दोन्ही मंडळ्यांत मोठ्याने वाचावे. अण्णाच्या मरणाची वाट पाहू नये, या रविवारीच वाचावे.