सांभाळण्याचं खातं

प्रिय कार्मेला,

तू फोन केला असशील तर मी उचलला नाही म्हणून चिडू नकोस, आणि केलाच नसशील तर हे वाक्य वाचलंच नाहीस असं समज. माझा फोन सरोवराच्या तळाशी आहे. त्या रविवारी तुझ्या गाडीचं दार आपटून निघालो तो थेट धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि फेकून दिला. तुझा नंबर पाठ नव्हता, हे फोन पाण्यात बुडाल्यावर लक्षात आलं. मग हेही लक्षात आलं की बाबा अजून तुझ्याच गाडीत मागच्या सीटवर बसलेत. बापाला विसरून भांडण जिंकणारा दुसरा कुणी या एरी शहरात तरी नसेल. धापा टाकत घरी पोचलो तेव्हा बाबा त्यांच्या खुर्चीत होते, पायांवर घोंगडी नीट खोचलेली, सूप गरम करून बशीनं झाकून ठेवलेलं, आणि तू निघून गेलेली. चिठ्ठी नाही, शिवी नाही. शिवी दिली असतीस तर मला झोप लागली असती.

आता लिहितोय ते वेगळ्याच घाईत. बाबा हॉस्पिटलात आहेत. घाबरू नकोस, जिवाला धोका नाही. पण सोमवारी त्यांना सोडणार आणि तिथून ते कुठे जाणार, घरी की वृद्धांच्या संस्थेत, हे अजून ठरलेलं नाही. कॉफीसुद्धा खाली उतरत नाही.

झालं असं की मंगळवारी रात्रभर बर्फ पडलं. सकाळी मी पलीकडच्या गल्लीतल्या दोन घरांचे रस्ते साफ करायला गेलो, फावडं घेऊन, नेहमीसारखा. बाबांना सांगून गेलो, "उठायचं नाही हं, मी हा आलोच." परत येतो तर बाबा बाथरूमच्या फरशीवर. अर्ध्या चेहऱ्यावर दाढीचा साबण, डाव्या हातात वस्तरा, आणि उजवी बाजू अंगाखाली दुमडलेली. तुला माहीत आहे, अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडात एकच शब्द उरलाय. भूक लागली तरी "होलेरा", सामना हरला तरी "होलेरा", आणि रविवारी प्रार्थनेच्या शेवटी सगळे आमेन म्हणाले तेव्हाही तोच. पोलंडच्या देवाला पोलिश शिव्या कळतात असं लुडविका आत्या म्हणते. त्या दिवशी मात्र ते तो शब्द इतक्या हळू म्हणत होते की मी त्यांच्या तोंडाशी कान नेला. किती वेळ हाक मारत पडले होते कोण जाणे. खुब्याचं हाड शाबूत आहे, मनगट मोडलंय. तेही डावं, एकुलत्या चालत्या हाताचं.

आत्या हॉस्पिटलात आली ती टोपीही न काढता सुरू झाली. "बास झालं टॅड. तू एकटा, मी सत्तरीची. याला उचलायचा कुणी? संस्थेत जागा आहे, सोमवारी घेतात म्हणाले. तू काय रोज फरशीवरून बाप गोळा करणार?" मी भडकलो, अर्थात. म्हणालो, तुला तुझ्या भावाची अडगळ झालीय. ती रडली, गं. लुडविका आत्याला मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं. मग रुमालानं नाक पुसून म्हणाली, "अडगळ असती तर दर मंगळवारी त्याची नखं कापायला आले असते का, गाढवा?"

मला तेव्हा तू हवी होतीस. खरं सांगायचं तर मला तू सगळ्याच वेळी हवी असतेस. तुझ्या कारखान्याच्या फाटकासमोरून मी रोज विनाकारण जातो. त्या वितळलेल्या प्लास्टिकच्या वासानं इतरांचं डोकं दुखतं, मला तुझा कोट आठवतो. पण त्या दिवशी तू हवी होतीस ती नोव्हेंबरभर कारखान्यात टेबलाशी बसून कामगारांना पगारातून पैसे बाजूला टाकायची खाती समजावणारी. कुत्र्याचा डॉक्टर दवाखान्याच्या खात्यात चालतो का, सासूला सांभाळण्याच्या खात्यात घालता येईल का, असं विचारणाऱ्यांवर न हसणारी. डिसेंबरात खात्यातलं उरलेलं गडप होऊ नये म्हणून तिसरा चष्मा घेऊन येणाऱ्यांना "छान दिसतो हो" म्हणणारी. मीही तुला विचारलं होतंच ना, सांभाळण्याच्या खात्यातून बाबांची व्यायामवाली बाई आणि चालायची चौकट निघेल का? तू म्हणालीस, "राजा, औषधपाणी एका खात्यात, सांभाळणं दुसऱ्या. दोन्ही पगारातून कराच्या आधी बाजूला पडतात, पण एकमेकांचं तोंड बघत नाहीत." आणि मी म्हणालो, म्हणजे आपल्यासारखीच. तू हसलीस. ते हसू मी अजून जपून ठेवलंय.

त्यानंतरचा तो रविवार. गाडी बंदरावर लावलेली, काचेवर वाफ, तू सॉसेज भरलेल्या गरम पेपरोनी बॉलचा एक तुकडा चावून फुंकर मारतेयस आणि माझ्याकडे न बघता म्हणतेस, "टॅड, आपण लग्न करू या का? म्हणजे बाबांना माझ्या खात्यात अवलंबित म्हणून घालता येईल." मी रात्री छताकडे बघत किती वेळा ठरवलं होतं तुला कसं विचारायचं ते! आणि तू विचारलंस ते सुद्धा असं, कुणाच्या दाढेचं बिल मंजूर करावं तसं. त्यात तो शब्द. अवलंबित! बाबा चाळीस वर्षं रेल्वेची इंजिनं जोडत होते. मी ओरडलो, "माझा बाप कुणावर अवलंबून नाही, आणि मी तुझ्या रकान्यात बसणार नाही!" मागून बाबा गरजले, "होलेरा!" मला वाटलं, बघ, बापसुद्धा माझ्या बाजूनं. त्या जोरावरच दार आपटलं मी.

काल दुपारी आत्याला हा किस्सा कुणी सांगितला माहीत आहे? मीच. तिनं बाबांच्या खाटेजवळ स्टूल ओढलं आणि म्हणाली, "काय रे, त्या पोरीला शिवी दिलीस?" बाबांनी मान हलवली, नाही. प्लास्टरमधून बाहेर डोकावणारं एक बोट वर केलं आणि ते माझ्यावर रोखलं. आत्या इतकी हसली की नर्स बघायला आली. मग तिनं विचारलं, "आणि बर्फात दाढी कसली करत होतास? कुठे जायचं होतं?" बाबांनी तेच बोट सावकाश आणून उजव्या, लुळ्या हातातल्या लग्नाच्या अंगठीवर टेकवलं. मग पुन्हा माझ्याकडे. मग खिडकीकडे, जिकडे तुझं घर आहे. कार्मेला, ते तुझ्याकडे यायला निघाले होते. एका शब्दाच्या बळावर माझी रदबदली करायला.

मी तिथून उठलो तो, संस्थेऐवजी काही जमतंय का बघायला, चर्चच्या तळघरात म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळतात त्या केंद्रात गेलो. मला वाटत होतं तिथं म्हातारे भिंतीकडे बघत बसलेले असतील. तिथं पत्त्यांवरून मारामारी चालली होती. केंद्र चालवणाऱ्या मिसेस ओडेट म्हणाल्या, "जागा आहे एक. तुमच्या होणाऱ्या बायकोनं येऊन बघून ठेवलीय ना ही?" मी होणारी बायको हा शब्द ऐकून पायरीवरच बसलो. त्यांनी मग मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. सांभाळण्याच्या खात्यातून केंद्राचे पैसे निघतात, पण माणूस रोज संध्याकाळी घरी आला पाहिजे, खात्यावाल्याच्याच छपराखाली झोपला पाहिजे. संस्थेत ठेवलं तर ते खातं चालत नाही. आणि नवरा-बायको दोघंही कामावर हवेत, नाहीतर एक जण पूर्णवेळ कॉलेजात. "तुमचं कॉलेज जानेवारीपासून ना? ती म्हणाली तसं."

म्हणजे तू आमच्या त्या मलमाचा वास मारणाऱ्या घरात राहायला येणार होतीस. मी अर्धवट सोडलेलं दुसरं वर्ष मला परत मिळवून देणार होतीस. बाबांना रोज संध्याकाळी घरी आणायचं तू ठरवूनच आली होतीस. आणि मी पहिलं वाक्य ऐकून दार आपटलं. मला अजूनही वाटतं, तू जरा हात धरून सांगायला हवं होतंस. पण हात कसा धरणार, त्यात खाऊची पिशवी होती, आणि मी बाहेर पडलोसुद्धा होतो.

आज सकाळी कॉलेजात नाव घातलं. तिथल्या कारकुनाशी भांडलो नाही, हे तुला कुणी सांगितलं तर विश्वास ठेव. आता मी कोर्टाच्या इमारतीत बाकावर बसून हे लिहितोय, आणि लुडविका आत्या टोपी घालून डोक्याशी उभी आहे. "आटप रे, गाडी नको तिथं लावलीय, आणि तिची जेवणाची सुट्टी संपेल." तीच हे तुझ्या हातात देईल आणि उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही, तसा मी तिला दमच दिलाय. लग्नाच्या परवान्यासाठी दोघांना इथं एकत्र यावं लागतं आणि तो मिळायला तीन दिवस जातात; आज शुक्रवार, आज अर्ज केला तरच सोमवारी हातात पडेल. खिडकी साडेचारला बंद होते. नाही म्हणणार असशील तर तिलाच सांग, मला तुझ्या तोंडून ऐकायचं नाही. सोमवारी मी संस्थेच्या कागदावर सही करीन आणि तुला कधी त्रास देणार नाही. कदाचित देईन. पण येणार असशील तर ओळखपत्र आण, त्याशिवाय इथली बाई अर्ज हातात घेत नाही. मी रांगेत आहे. माझी पाळी आली की मागच्याला पुढे सोडीन, आणि पुन्हा मागे जाऊन उभा राहीन.

तुझाच,
टॅड